यंदा रॅली तुमच्या शिवारात आली, तर…

‘रॅली’ म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे काय येतं? जयंतीची मोटारसायकल रॅली. निवडणुकीची रॅली. झेंडे, डीजे, गुलाल आणि चालत्या माणसाच्या वेगानं सरकणारी गर्दी. अशी रॅली बघायची म्हणजे घरातून उठून रस्त्याच्या कडेला यायचं, पोराला खांद्यावर घ्यायचं, ओळखीचं कुणी दिसलं की हात करायचा आणि वाटलंच तर चार पावलं सोबत चालायचं.

आता समजा, तुमच्या ग्रामपंचायतीच्या फळ्यावर कागद लागला : ‘येत्या रविवारी राष्ट्रीय मोटार रॅली. सकाळी सात ते दुपारी दोन रस्ता बंद राहील.’ हा कागद वाचून गावातली बहुतेक माणसं वर सांगितलेलीच रॅली समजणार. यात त्यांची काही चूक नाही, कारण शब्द तोच आहे. पण येणारी गोष्ट अगदी निराळी आहे, आणि हा घोटाळा एखाद्याच्या जिवावर बेतू शकतो. म्हणून हे लिहितो आहे.

मी ड्रायव्हर नाही. नाशिक भागात रॅली व्हायची तेव्हा काही वर्षं मार्शल म्हणून रस्त्यावर उभा राहिलो आहे. अंगात चकाकतं जाकीट, गळ्यात शिट्टी, हातात वॉकीटॉकी, आणि काम एकच : माणसं, जनावरं आणि गाड्या यांची गाठ पडू द्यायची नाही. त्या उभं राहण्यातून जे कळलं ते सरळ सांगतो.

आधी रॅली म्हणजे काय ते बघू. मोटार रॅलीत गाड्या एकमेकींना खेटून धावत नाहीत. एक गाडी सुटते, मिनिटा-दोन मिनिटांनी दुसरी सुटते. लढत घड्याळाशी असते. मार्गाचे दोन भाग असतात. काही अंतर चालू रस्त्यावरून कापायचं. तिथं रॅलीच्या गाडीलाही तुमच्या-आमच्यासारखेच वाहतुकीचे नियम. दुसरा भाग ‘स्पेशल स्टेज’चा, बोलण्यात नुसतं ‘स्टेज’. हा रस्ता पूर्ण बंद करतात आणि त्यावर गाडी जितकी पळेल तितकी पळवतात. ड्रायव्हरच्या शेजारी नॅव्हिगेटर बसतो. रॅलीच्या आधी दोघांनी त्या रस्त्याची रेकी करून वळण न् वळण वहीत टिपून घेतलेलं असतं. त्या टिपणाला पेसनोट्स म्हणतात. नॅव्हिगेटर ते मोठ्यानं वाचतो आणि ड्रायव्हर त्याच्या भरवशावर गाडी फेकतो. टेकाडापलीकडे काय आहे ते ड्रायव्हरला दिसत नसतं, ते त्यानं फक्त ऐकलेलं असतं. वहीत ‘चढ, लगेच उजवं वळण, मग उतार’ असं लिहिलेलं असतं. ‘उतारावर गणपतरावांची म्हैस’ असं लिहिलेलं नसतं.

वेगाचा हिशोब घरच्या घरी करता येतो. ताशी १०८ किलोमीटरनं जाणारी गाडी एका सेकंदात ३० मीटर जाते. म्हणजे तुम्ही ‘आली आली’ म्हणेपर्यंत ती विजेचा एक खांब मागे टाकून दुसऱ्याकडे पोचलेली असते. त्यात खाली मुरूम. मुरमावर ब्रेक दाबला की चाक थांबतं, गाडी घसरतच राहते.

ही रॅली एका जागी राहत नाही. आपल्या राष्ट्रीय अजिंक्यपदाच्या फेऱ्या आजवर कोइम्बतूरच्या पवनचक्क्यांमधल्या मातीच्या वाटांवर झाल्या, चिक्कमगळूरच्या कॉफीच्या मळ्यांत झाल्या, चेन्नई आणि बंगळुरूच्या आसपास झाल्या, जोधपूरकडच्या कोरड्या पट्ट्यात झाल्या, थेट अरुणाचल प्रदेशात झाल्या. ‘रॅली ऑफ महाराष्ट्र’ या नावाची नाशिकची फेरीही त्या अजिंक्यपदात असायची. गाव बदलण्याला कारणं आहेत, आणि ती खोटी नाहीत. सगळ्या फेऱ्या एकाच मुलखात घेतल्या तर तिथल्या ड्रायव्हरला घरचं मैदान मिळतं. कॉफीच्या मळ्यातली लाल माती, दख्खनचा मुरूम आणि राजस्थानची रेती यांवर जो टिकतो तोच देशाचा विजेता म्हणवून घेऊ शकतो. शिवाय पाऊस, पिकं, वनखात्याच्या आणि पोलिसांच्या परवानग्या, पैसे देणारी कंपनी, असं सगळं जिथं जुळेल तिथं रॅली जाते.

आणखी एक कारण गमतीचं आहे. ज्या कच्च्या रस्त्याला गाव वर्षानुवर्षं शिव्या घालतं, तोच रॅलीवाल्याला सोन्यासारखा असतो. पंतप्रधान ग्राम सडक योजना २००० साली सुरू झाली, गावोगाव डांबर पोचलं आणि मातीच्या कितीतरी चांगल्या स्टेज गेल्या. गावाचं भलं झालं. रॅली मात्र पुढचा कच्चा रस्ता शोधत निघाली. म्हणजे ती नेहमी अशा ठिकाणी जाणार, जिथं वस्ती आडबाजूची, रस्ता एकच आणि रॅली कुणी कधी पाहिलेली नाही.

गोम इथंच आहे. रॅली हलवताना ट्रकमध्ये काय काय भरता येतं? गाड्या, टायर, जॅक, तंबू, घड्याळं, बिनतारी यंत्रं, अँब्युलन्सचं सामान, फितींची रिळं. ड्रायव्हर आणि मेकॅनिकही मागोमाग येतात. पण मागच्या गावातली माणसं दोन-तीन वर्षांत जे शिकलेली असतात, म्हणजे कुठं उभं राहायचं, कधी रस्ता ओलांडायचा नाही, कोणता आवाज आला की मागं सरायचं, ते ट्रकमध्ये भरता येत नाही. ते त्या गावातच राहतं, आणि नवं गाव पहिलीपासून सुरुवात करतं.

आपल्याला हे समजायला अवघड नाही. पुणे जिल्ह्यात बैलगाडा शर्यतींचा घाट भरतो, विदर्भात शंकरपट भरतो. घाटाच्या गावातल्या दहा वर्षांच्या पोरालाही ठाऊक असतं की बारी सुटली की धावपट्टीत उतरायचं नाही आणि निशाणाच्या पुढं तर मुळीच थांबायचं नाही, कारण बैल तिथं लगेच आवरत नाहीत. त्याला हे कुणी शाळेत शिकवलेलं नसतं. आज्यानं दंड धरून मागं ओढलेलं असतं, म्हणून ते त्याच्या अंगात असतं. एवढं असूनही घाटात अपघात होतात. मग ज्या गावाच्या आज्यानं मोटार रॅली कधी पाहिलीच नाही, तिथं पोराला मागं कोण ओढणार?

हे काल्पनिक भय नाही. २१ सप्टेंबर २०१९ रोजी राष्ट्रीय अजिंक्यपदाची जोधपूरची फेरी चालू होती. स्टेजवर एक मोटारसायकल आली. तिच्यावर नवरा, बायको आणि त्यांचा मुलगा असे तिघे होते. देशातल्या नामांकित ड्रायव्हरांपैकी एकाच्या गाडीची धडक बसून तिघेही गेले आणि रॅली तिथंच थांबवण्यात आली. चूक कुणाची, बंदोबस्त किती होता, यावर पुष्कळ बोललं गेलं. ते काम पोलिसांचं आणि न्यायालयाचं. मला मात्र त्या तिघांच्या जागी आपल्याकडचं कुठलंही कुटुंब दिसतं. ज्या रस्त्यानं रोज जातो त्या रस्त्यानं जायला आपण कुणाला विचारतो का? ‘मला कोण अडवणार, माझ्या घरची वाट आहे’ हा भाव खेड्यातल्या माणसाच्या रक्तातच असतो.

प्रगत देशांतही हे शहाणपण जन्मजात नव्हतं. १९८६ च्या मार्चमध्ये पोर्तुगालच्या रॅलीत, लिस्बनजवळच्या सिंत्राच्या डोंगरात, माणसं रस्त्याच्या मधोमध उभी राहायची, गाडी अंगावर आली की बाजूला व्हायची आणि कुणी कुणी तर जाता जाता गाडीला हात लावायचा प्रयत्न करायचे. त्यांच्यात तो मर्दपणा समजला जाई. एका वळणावर फोर्डची गाडी त्या गर्दीत घुसली. तिघे ठार झाले, तीसहून अधिक जखमी झाले. कंपन्यांच्या नामांकित ड्रायव्हरांनी पुढं गाडी चालवायला नकार दिला. पुढं २००१ नंतर ही रॅली जागतिक अजिंक्यपदातून बाहेर पडली. ती परत आली २००७ मध्ये, तीही देशाच्या दक्षिण टोकाला, अल्गार्वमध्ये. आणि २०१५ मध्ये ती पुन्हा उत्तरेच्या आपल्या जुन्या मुलखात गेली. आज तिथं प्रेक्षकांनी उभं राहायच्या जागा आधी जाहीर करतात, फिती लावून आखतात, पोलिस बसवतात. फाफे गावाजवळ गाड्या जिथं हवेत उडी घेतात, तिथं आजही डोंगरभर माणूस लोटतो, पण डोंगरावर, रस्त्यावर नाही. तेवढ्यासाठी एका देशाला कित्येक वर्षं लागली.

रॅली नव्या मुलखात नेताना गावाला विचारलं नाही तर काय होतं, ते ऑस्ट्रेलियात दिसलं. तिथली जागतिक रॅली १९८९ पासून पश्चिमेला पर्थमध्ये व्हायची, ती २००६ नंतर तिथून उठली. २००९ मध्ये ती देशाच्या पार दुसऱ्या टोकाला, न्यू साउथ वेल्सच्या उत्तर भागात, किंग्जक्लिफला नेली. सरकारनं त्यासाठी खास कायदाच केला, म्हणजे नेहमीच्या परवानग्यांची वाट बघायला नको. स्थानिक लोक चिडले. जंगल, प्राणी, रस्ता, शांतता या साऱ्यांचा प्रश्न त्यांनी उचलला. निदर्शनं झाली, स्टेजवर दगड टाकले गेले, काही स्टेज रद्द झाल्या. पुढची जागतिक रॅली त्याच राज्यात, पण दक्षिणेला कॉफ्स हार्बरला, २०११ मध्ये झाली आणि तिथं ती २०१८ पर्यंत टिकली. दगड टाकणाऱ्यांचं मी समर्थन करणार नाही. वेगात आलेल्या गाडीखाली दगड म्हणजे खुनाचा प्रयत्न आहे. पण ज्याच्या दारातून रस्ता जातो त्याला आधी विचारायचं नाही आणि नंतर त्यानं टाळ्या वाजवाव्यात अशी अपेक्षा करायची, हेही बरोबर नाही.

याच्या उलट फिनलंडचं यिवास्किला. १९५१ मध्ये सुरू झालेली तिथली रॅली अनेक दशकं त्याच शहराभोवतीच्या जंगलवाटांवर होते आहे. अपघात तिथंही झाले आहेत. पण तिथल्या शेतकऱ्याच्या तीन पिढ्यांनी रॅली पाहिली आहे. आपल्याकडे रॅली तीन पिढ्या एका गावात थांबणार नाही, कदाचित तीन वर्षंही थांबणार नाही. म्हणून जे तिकडे सत्तर वर्षांत मुरलं, ते आपल्याला एका महिन्यात समजून घ्यावं लागेल. ते कसं, ते आता सांगतो.

पहिलं, गावानं कागद मागावा. सार्वजनिक रस्त्यावर वेगाची शर्यत लावायची तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ प्रमाणे राज्य सरकारची लेखी संमती लागते. ती नसेल तर ती रॅली नव्हे, गुन्हा आहे. सरपंचांनी आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी लाजू नये, तो कागद बघायला मागावा. देशात या खेळाची जबाबदारी ‘फेडरेशन ऑफ मोटर स्पोर्ट्स क्लब्स ऑफ इंडिया’ या संघटनेकडे आहे. रॅली तिच्या मान्यतेनं होते आहे का, विमा कुणाचा, अँब्युलन्स कुठं उभी राहणार, हेही विचारावं. चांगला क्लब या प्रश्नांनी चिडत नाही. जो चिडतो, त्याच्यापासून सावध राहा.

दुसरं, वेळेचा हिशोब गावाच्या घड्याळानं करावा. ‘सात ते दोन रस्ता बंद’ हे क्लबला पाच शब्द वाटतात. गावाला त्यात दुधाचं संकलन दिसतं, टोमॅटोचा टेम्पो दिसतो, कुणाचा परीक्षेचा पेपर दिसतो, डायलिसिसला जाणारा म्हातारा दिसतो, आणि दिवस भरलेली लेकसूनही दिसते. या सगळ्यांची यादी वाडी-वस्तीवार करून क्लबला द्यावी. दूध पहाटे लवकर न्यायची सोय होऊ शकते. दवाखान्याचा माणूस आदल्या रात्री तालुक्याला हलवता येतो. आणि अचानक काही झालंच, साप चावला, कळा सुरू झाल्या, तर स्वतः मोटारसायकल काढून स्टेजवर घुसू नये. जवळच्या मार्शलकडे पळत जावं. त्याच्याकडे बिनतारी यंत्र असतं, त्यावरून सुटणाऱ्या गाड्या थांबवता येतात. खेळ थांबतो, त्यासाठीच तो माणूस तिथं उभा केलेला असतो.

तिसरं, नुकसानीचं आधीच बोलावं. नाशिककडच्या द्राक्षवाल्याला विचारा, घडावर धूळ बसणं म्हणजे काय. चाळीस गाड्यांची धूळ बागेवर बसली तर ती पुसायला कुणी येत नाही. रस्त्याला आडवी टाकलेली ठिबकची नळी, बांधावरचं कुंपण, रस्ता चिरून नेलेली पाइपलाइन, मोडलेली मोरी, गाड्यांनी उकरलेला मुरूम, या सगळ्याचं काय, ते रॅलीच्या आधी कागदावर यावं. रॅली गेल्यावर रस्ता पुन्हा दाबून देणार का, कोणत्या तारखेपर्यंत, आणि त्यासाठी कुणाला फोन करायचा, तेही लिहून घ्यावं. नंतर भांडण्यापेक्षा आधी मागणं केव्हाही बरं.

चौथं, आणि हे घरातल्या प्रत्येकानं वाचावं : उभं कुठं राहायचं. वळणाच्या बाहेरच्या अंगाला कधीही उभं राहू नका, कारण सुटलेली गाडी तिकडेच जाते. चढाच्या माथ्यापलीकडे थांबू नका, तिथं गाडी हवेतून खाली येते आणि येताना तिला वळता येत नाही. जिथं रस्ता वळतो आणि समोर एखादी वाट सरळ पुढं जाते, त्या वाटेवरही नको. ब्रेक चुकलेला ड्रायव्हर गाडी त्याच वाटेवर घालतो. रस्त्याच्या पातळीच्या खाली, चारीत किंवा ओढ्यात बसू नका. उंच जागा बघा, रस्त्यापासून दूर, मागं पळायला मोकळी. फीत लावली असेल तर तिच्या मागं राहा. फीत नसली म्हणजे तिथं उभं राहायची मुभा आहे असं नाही, मार्शलला विचारा. येणाऱ्या गाडीकडे पाठ करून सेल्फी घेऊ नका. पोराचं मनगट धरा, बोट नाही, बोट सुटतं. कुत्रं, शेळी, म्हैस बांधून ठेवा आणि दावं एकदा ओढून बघा.

पाचवं, शांततेला फसू नका. स्टेज सुरू होण्याआधी ‘शून्य’ क्रमांकाच्या गाड्या भोंगा वाजवत जातात. त्या रॅलीच्या गाड्या नव्हेत, रस्ता मोकळा आहे का ते बघणाऱ्या गाड्या आहेत. त्या गेल्या म्हणजे खरी रॅली आता येणार. मग एकामागून एक गाड्या जातात. मध्येच दहा-पंधरा मिनिटं काहीच येत नाही. लोक म्हणतात, ‘संपलं वाटतं,’ आणि रस्त्यावर उतरतात. संपलेलं नसतं. मागं कुठं गाडी बिघडलेली असते, सुटण्याची वेळ पुढं ढकललेली असते. सगळ्यात शेवटी ‘स्वीपर’ गाडी येते. ती तुमच्या समोरून गेली आणि मार्शलनं हात केला, की रस्ता तुमचा. त्याआधी नाही.

सहावं सांगताना मला स्वतःला भीती वाटते, कारण आपला स्वभाव याच्या उलट आहे. समोर गाडी उलटली की आपण धावतो. कुठल्याही घाटात एसटी उलटली तर पहिली धावतात ती शेजारच्या गावची माणसं, आणि त्याचा आपल्याला अभिमान असावा. पण स्टेजवर गाडी उलटली की लक्षात ठेवा, मागची गाडी सुटून गेलेली आहे. ती एका मिनिटात त्याच वळणावर येणार आहे, आणि मदतीला धावलेली वीस माणसं तिच्या वाटेत उभी असणार आहेत. म्हणून आधी मार्शलकडे बघा. तो मागच्या गाडीला इशारा देतो, वर कळवतो. त्या गाडीतल्या दोघांच्या अंगावर पट्टे असतात, डोक्यावर हेल्मेट असतं, भोवती लोखंडी पिंजरा असतो. तुमच्या अंगावर सदरा असतो.

आता दोन शब्द तरुण पोरांना. रॅलीच्या दुसऱ्या दिवशी त्याच रस्त्यावर मोटारसायकली पळतात, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. त्यांच्या मनात कालचा थरार असतो, पण रस्ता आता बंद नसतो. समोरून ऊस घेऊन ट्रॅक्टर येतो, शाळेतून सायकली येतात. काल जो ड्रायव्हर इतक्या वेगात वळला, त्यानं ते वळण आधी वहीत लिहिलं होतं, त्याच्यासाठी शंभर माणसं रस्ता अडवून उभी होती, आणि तरीही त्यानं अंगावर पट्टा बांधला होता. खेळ आवडला असेल तर क्लबचा दरवाजा ठोठावा. मार्शल व्हायला कुणी गाडी मागत नाही. मेकॅनिकला मदत करा, वेळ टिपायला शिका. या खेळात मिरवणाऱ्यांपेक्षा उभं राहणाऱ्यांची गरज जास्त आहे.

आणि क्लबांनो, तुम्हालाही सांगणं आहे. नव्या मुलखात जाताना तुम्ही रस्ता सहा महिने आधी बघता, आणि गावाला आठवडाभर आधी सांगता. हा क्रम उलटा करा. पत्रक छापा ते त्या मुलखाच्या बोलीत. ‘स्पेशल स्टेज’, ‘क्लोज्ड रोड’ लिहून गावाला काही कळत नाही. ‘या रस्त्यावर मोटारी जीव तोडून पळणार आहेत, या वेळात पाय ठेवू नका’ असं लिहा. नुसतं पत्रकही पुरत नाही. शाळेत मुलांना गाडी दाखवा, कारण घरातली मोठी माणसं मुलांचं ऐकतात. आठवडे बाजारात दवंडी द्या. बचत गटाच्या बैठकीत जा. प्रत्येक वस्तीच्या फाट्यावर मार्शल ठेवा आणि तो त्याच गावचा ठेवा. मुंबई-पुण्याहून आलेल्या पोरानं ‘सर, प्लीज मागे व्हा’ म्हटलं की कुणी हलत नाही. गावातल्या पैलवानानं नुसतं ‘ए’ म्हटलं तरी रस्ता रिकामा होतो.

हे शहाणपण मला एका आजींनी दिलं. नाशिक जिल्ह्यातल्या एका वस्तीच्या फाट्यावर मी उभा होतो. आजींच्या चार शेळ्या रस्त्याच्या पलीकडे आणि त्या अलीकडे. शून्य गाडी येऊन गेलेली. त्या निघाल्या ओलांडायला. मी हात आडवे केले.

“आजी, थांबा. गाड्या येतील आता.”

“येऊ दे की. हॉर्न वाजवतील न् जातील. रोजच येत्यात.”

“ह्या हॉर्न वाजवत नाहीत, आजी. एक बघा, मग ठरवा.”

त्यांनी पदर खोचला आणि माझ्या बाजूला उभ्या राहिल्या. आधी लांबून घरघर आली. मग टेकाडावरून गाडी उडाली, खाली आपटली, तिरकी झाली, मातीचा लोट उठला आणि ती गेलीसुद्धा. आजींनी तोंडावरची धूळ पुसली. कितीतरी वेळ काही बोलल्या नाहीत. मग मागं वळून वस्तीकडे ओरडल्या, “बाळ्या, पोरांना घरात घे! कुणी हिकडं यायचं न्हाई!” पुढचे तीन तास तो फाटा मी सांभाळला नाही. त्यांनी सांभाळला. दोन मोटारसायकलवाले माझ्याशी हुज्जत घालत होते. आजींनी त्यांच्या आईची चौकशी केली, मग ते गुमान माघारी गेले.

संध्याकाळी फिती गुंडाळताना त्यांनी विचारलं, “पुढल्या साली याल का?”

मी म्हटलं, “सांगता येत नाही. रॅली दुसऱ्या मुलखात जाईल बहुतेक.”

“मग तिथल्या बायांना कोण सांगणार?”

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. नंतर पुष्कळदा त्याचा विचार केला आणि आता माझ्याकडे एक सूचना आहे. ती क्लबांनाही आहे आणि गावांनाही. रॅली एका मुलखातून दुसऱ्या मुलखात जाईल, तेव्हा मागच्या गावातली चार माणसं नव्या गावात महिनाभर आधी पाठवा. खर्च क्लबनं करावा. रॅलीच्या एकूण खर्चापुढे त्यांचं जाणं-येणं, राहणं-जेवणं फार नाही. त्यांनी देवळात किंवा शाळेत बसून नव्या गावाला सांगावं : आमच्याकडे असं झालं, आम्ही इथं उभे राहिलो, धूळ इतकी आली, पैसे असे मिळाले आणि हे मागायचं राहिलं. भाषा वेगळी असली तर एक दुभाषा द्या. शेतकऱ्याला शेतकऱ्याचं म्हणणं लवकर कळतं, आणि म्हैस बांधायला सांगणारा स्वतः म्हैसवाला असला की ती बांधली जाते.

आणि ज्या गावातून रॅली निघून गेली आहे त्यांनी ‘आमच्याकडचं संपलं’ असं म्हणू नये. तुमच्याकडे आता असं काही आहे, जे देशातल्या फार थोड्या गावांकडे आहे. ते कुणी मागायला आलं तर द्या. नाही आलं, तर पुढची फेरी कुठं आहे ते विचारा आणि तिथल्या सरपंचाला एक फोन लावा. त्या आजींना फोन लावता येत नव्हता, पण त्यांच्या बाळ्याला येत होता.